या वर्षी तुम्हांला गवसलेला चित्रपट कोणता?

खाडीकाठ (मालवण तालुका)

वर्ष संपायला आता थोडेच दिवस उरले आहेत. या वर्षात तुम्ही पहिल्यांदाच पाहिलेला आणि मनातून अजून न गेलेला चित्रपट कोणता, हे ऐकण्यासाठी हा धागा काढत आहे. चित्रपट याच वर्षीचा असला पाहिजे असे नाही. तो पाऊणशे वर्षांपूर्वीचा असला तरी तुमची आणि त्याची गाठ यंदा पडली, एवढे पुरे. मात्र नुसते नाव लिहून थांबू नका. कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात आणि कोणते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही, तेही सांगा.

सुरुवात माझ्यापासून करतो. लुकिनो व्हिस्कोंती यांचा १९४८ सालचा ‘ला तेरा त्रेमा’ मी जुलै महिन्यात पाहिला. मासेमारीची बंदी चालू होती, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या आणि वाडीतली सारी मंडळी घरी होती. समाजमंदिराच्या भिंतीवर धुतलेली चादर ताणून, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर आम्ही तो लावला. सिसिली बेटावरच्या आची त्रेत्सा नावाच्या कोळ्यांच्या गावात घडणारी ही गोष्ट आहे आणि पडद्यावर दिसणारी माणसे नट नाहीत, त्याच गावचे रहिवासी आहेत. रात्रभर समुद्रावर राबून आणलेली मासळी व्यापारी पडेल भावाने उचलतात, म्हणून न्तोनी हा तरुण घर गहाण टाकून स्वतःच्या जिवावर धंदा करू पाहतो. एका वादळात त्याची होडी जाते आणि पुढे सगळेच हातातून निसटते.

उपशीर्षके इंग्रजीत असल्यामुळे मी ती मोठ्याने मालवणीत सांगत होतो. न्तोनी संतापून व्यापाऱ्यांचा तराजू समुद्रात भिरकावतो, त्या दृश्याला मला वाटले की टाळ्या पडतील. टाळ्या पडल्या नाहीत. पुढे बसलेले आमचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, हळूच म्हणाले, “काटो फेकल्यान खरो, पण उद्या मासो खंय इकतलो?” पुढचा दीड तास चित्रपट हेच सांगत जातो. तांडेलांनी तो पूर्वी पाहिलेला नव्हता, गोष्टही त्यांना ठाऊक नव्हती. पण दलालाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांच्या वडिलांची हयात गेली होती.

रातांबा (कुडाळ)

धागा उत्तम आहे. माझे उत्तर थोडक्यात देतो: ‘दशावतार’. सप्टेंबरात घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र जाऊन पाहून आलो. नजर अधू होत चाललेल्या वयस्क दशावतारी कलावंताच्या, बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर यांनी जे उभे केले आहे, ते पाहताना माझ्या आजोबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

देवळाची पायरी (वेंगुर्ले)

रातांबा यांच्याशी प्रभावळकरांच्या कामाबाबत मी पूर्णपणे सहमत आहे. माझा आक्षेप निराळा आहे. दशावतार पाहायचा तो जत्रेत, रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर, देवळासमोरच्या मांडावर. आधी आडदशावतार होतो, गणपती आणि रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो, संकासुर येऊन पोरांना हसवतो आणि घाबरवतो, आणि मग कुठे आख्यान लागते. मांडावर राजा प्रवेश करतो तेव्हा तो बाकड्यावर बसेपर्यंत आपल्याला वाट पाहावी लागते आणि त्या वाट पाहण्यातच त्याचे राजेपण तयार होते. चित्रपटाने रंगभूषेच्या दृश्यांत हा सावकाशपणा काही क्षण पकडला आहे, पण नंतर कथेच्या वेगापुढे तो टिकू दिलेला नाही. मला ते क्षण अधिक हवे होते. तरीही शहरात वाढलेला माझा भाचा तो पाहून आल्यानंतर पहिल्यांदाच पहाटेपर्यंत जत्रेत बसला, हेही मला नमूद केले पाहिजे.

पागोळी (दापोली)

माझे वय बासष्ट आहे आणि या वर्षापर्यंत मी एकही जपानी चित्रपट पाहिला नव्हता. भाचीने मोबाइलवर यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ लावून दिला. १९५३ सालचा कृष्णधवल चित्रपट आहे. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावात राहणारे म्हातारे जोडपे टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांकडे चार दिवस राहायला जाते. मोठा मुलगा डॉक्टर आहे, मुलगी केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही सवड नाही. शेवटी आईवडिलांना आतामी या समुद्रकाठच्या ठिकाणी पाठवून दिले जाते आणि तिथल्या गोंगाटात त्यांना रात्रभर झोप लागत नाही.

एक दृश्य सांगते. आजी धाकट्या नातवाला घेऊन घराजवळच्या उंचवट्यावर जाते. पोर गवत उपटत खेळत असते. मोठेपणी तू कोण होणार, वडिलांसारखा डॉक्टर होणार का, असे ती त्याला विचारते आणि मग स्वतःशीच म्हणते की, तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे. पोराचे लक्षच नसते. कॅमेरा त्या दोघांपासून दूर, खाली कुठेतरी थांबलेला आहे आणि तो जवळ जात नाही. गेल्या मे महिन्यात मी डोंबिवलीला मुलाकडे गेले होते. इमारतीखालच्या बागेत नातवाला घसरगुंडीवर खेळवताना अगदी हेच वाक्य माझ्या तोंडून निघाले होते. मी ते कोणालाही सांगितलेले नव्हते.

चित्रपट संपल्यावर यजमान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ह्यांच्याकडे गणपती नसतात का गं? पोरांना गावी यायला काही निमित्तच नाही.” मला हसू आले आणि रडूही आले.

लालबाग ते लांजा

पागोळीताई, आपले लिहिणे वाचून मी लगेच ‘टोकियो स्टोरी’ पाहिला आणि काल रात्री पुन्हा पाहिला. आपण लिहिलेल्या दृश्याबद्दल एक शब्दही बोलण्याची माझी योग्यता नाही. पण चाकरमान्यांच्या बाजूने थोडे मांडतो, कारण तेही त्या चित्रपटातच आहे.

डॉक्टर मुलगा रविवारी सगळ्यांना फिरायला न्यायला निघतो, कपडे घालून तयार होतो, आणि तेवढ्यात एका आजारी मुलाला पाहायला यावे असा निरोप येतो. तो जातो. त्याने नको होते का जायला? त्याचा दवाखाना घरातच आहे. आईवडिलांना झोपायला जागा द्यायची तर मुलाचे अभ्यासाचे मेज हलवावे लागते आणि त्यावरून तो मुलगा रुसतो. आमच्या खोलीत आईबाबा येतात तेव्हा मी आणि माझा भाऊ चाळीच्या गॅलरीत झोपतो. प्रेम कमी असते म्हणून असे होत नाही. जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी उसन्या आणाव्या लागतात.

उसनवारीवरून आठवले. युद्धात मरण पावलेल्या मुलाची बायको, नोरिको, सासूसासरे खोलीवर आल्यावर शेजारणीकडे जाऊन साके आणि प्याले मागून आणते. शेजारीण काही न विचारता देते आणि वर खायचेही देते. मला पुऱ्या चित्रपटात सर्वात जवळचे वाटलेले दृश्य ते आहे. पाहुणे आले की आमची आई आजही पलीकडच्या बिऱ्हाडातून कपबश्या आणते.

पागोळी (दापोली)

लालबाग ते लांजा, तुमचे म्हणणे मला पटले. मुलाला वाईट ठरवावे असे माझ्या मनात नव्हते, पण लिहिताना तसे उमटले असेल. डॉक्टरला निरोप येतो ते दृश्य मी पाहिले होते आणि तरीही माझे सारे लक्ष बाहेर जायला तयार होऊन बसलेल्या म्हाताऱ्यांकडेच होते. मुलगी मात्र मला अजूनही जड जाते. आईचे दिवस होत असताना, जेवणाच्या पानावरच ती आईच्या वस्त्रांपैकी आपल्याला काय हवे ते सांगून मोकळी होते.

लालबाग ते लांजा

तिथे मीही आपल्याच बाजूला आहे.

सुरंगी (पेण)

माझा चित्रपट आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला असेल: जब्बार पटेल यांचा १९७७ सालचा ‘जैत रे जैत’. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत लहानपणापासून रेडिओवर ऐकत आले, कितीतरी गाणी तोंडपाठ आहेत, पण चित्रपट पाहिलाच नव्हता. गाणी पाठ होती म्हणून चित्रपट माहीत आहे असे मी धरून चालले होते. यंदा पाहिला आणि लक्षात आले की, ती गाणी म्हणजे ठाकर आदिवासींच्या वाडीतले संवादच आहेत. मधमाशीने डोळा फोडलेला नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीचा सूड घ्यायला निघतो आणि चिंधी त्याच्या वेडात सामील होते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील या दोघांची पावले डोंगरावर कशी पडतात, ते नीट पाहा. कर्नाळ्याचा सुळका मी रोज एसटीच्या खिडकीतून पाहते. आता त्याच्याकडे पाहताना ढोल ऐकू येतो.

भाट्याची वाळू (रत्नागिरी)

कोकणात चित्रित झालेल्या चित्रपटांविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. आपला किनारा पडद्यावर बहुतेक वेळा पाहुण्याच्या नजरेने येतो. लाल माती, कौले, पाऊस, नारळ, आणि त्यापुढे शहरातून आलेल्या माणसाचे दुःख. इथे राहणारा माणूस पोटासाठी काय करतो, हे फार क्वचित दिसते. खाडीकाठ यांनी सांगितलेल्या चित्रपटात मासळीचा भाव आहे, कर्ज आहे, मीठ आहे. असा आपला चित्रपट कुठे आहे?

जांभा (गुहागर)

तक्रारीत तथ्य आहे, पण सरसकट नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये शहरातून बदली होऊन आलेल्या आईची आणि मुलाची गोष्ट आहे, म्हणजे नजर बाहेरून आलेल्याचीच आहे, परंतु तो चित्रपट ते लपवत नाही. परका मुलगा हळूहळू इथल्या पोरांत मिसळतो आणि त्याला इथले दिसू लागते, हाच त्याचा विषय आहे. त्याला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळाले. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ पाहा. आजोबा कोकणातले, नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला, आणि दवाखाना शहरातला. तिथे शहर हेच परके आहे. शस्त्रक्रियेनंतर नातवाला दिसणार नाही म्हणून आजोबा त्याला आदल्या दिवशी गुपचूप बाहेर घेऊन जातात आणि जग दाखवतात. याच दिग्दर्शकाचा ‘नदी वाहते’ हा चित्रपट तर गावातल्या छोट्या नदीवर आणि तिच्या काठी जगू पाहणाऱ्या माणसांवरच आहे. तो मला यंदा गवसला. तोच माझे उत्तर समजावे.

सड्यावरची (राजापूर)

जांभा यांच्या यादीत मी पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ची भर घालते. कान महोत्सवात २०२४ साली त्याला ग्राँ प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा नाव ऐकले होते. पाहिला मात्र या वर्षी, घरी. मुंबईच्या रुग्णालयातल्या दोन मल्याळी परिचारिका आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती, अशा तिघींची ही गोष्ट आहे. छाया कदम यांनी पार्वती केली आहे. नवरा गेलेला, चाळीच्या जागेवर बिल्डरचा डोळा, आणि इतकी वर्षे राहिलेल्या घराचा एकही कागद हातात नाही. मग ती सामान बांधून गावी, आपल्या रत्नागिरीकडे परत येते.

इथे मला पागोळीताई आणि लालबाग ते लांजा यांच्यातले बोलणे आठवले. आपण नेहमी मुंबईला गेलेल्यांबद्दल बोलतो. मुंबईने परत पाठवलेल्या बाईची गोष्ट मी याआधी पडद्यावर पाहिली नव्हती. माझी मावशी गिरण्या बंद पडल्यावर अशीच परत आली. बंद घराचा दरवाजा उघडल्यावर ती आधी काय करते, तर जागा आपली आहे याची खात्री पटावी तसे भिंतींना हात लावत फिरते. चित्रपटात हे दृश्य नाही, माझ्या मावशीच्या घरातले आहे, पण पार्वतीला गावात पाहताना मला ते सारखे दिसत होते.

मिरगाचा पाऊस (हर्णै)

मी मच्छीमाराची मुलगी आहे. माझा चित्रपट ‘चेम्मीन’, रामू करिआट यांचा, १९६५ सालचा, मल्याळी. त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले आणि दक्षिणेकडच्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होते. सलील चौधरींचे संगीत, मन्ना डे यांचा आवाज आणि मार्कस बार्टली यांनी टिपलेला समुद्र, या साऱ्यांबद्दल जेवढे चांगले बोलावे तेवढे थोडे आहे.

तरीही चित्रपट पाहताना मला राग येत होता आणि तो राग मी इथे मांडणार आहे. समुद्रावर गेलेल्या पुरुषाचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या पावित्र्यावर अवलंबून असतो, ती चुकली तर कडलम्मा, म्हणजे समुद्रमाता, त्याला गिळते, अशी समजूत या कथेच्या मुळाशी आहे. आमच्याकडे असे कोणी स्पष्ट बोलत नाही. परंतु होडी वेळेवर परतली नाही की बायकांच्या तोंडाकडे कसे पाहिले जाते, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. माझी आजी अशा वेळी बंदरावर जात नसे, घरात चुलीपुढे बसून राही. ती का जात नव्हती, ते मला या चित्रपटाने सांगितले. म्हणून तो मला आवडला असे म्हणवत नाही. गवसला मात्र नक्की.

खाडीकाठ (मालवण तालुका)

मिरगाचा पाऊस, आपल्या आजींबद्दल वाचल्यावर मला ‘ला तेरा त्रेमा’मधले एक दृश्य पुन्हा आठवले. वादळाच्या दिवशी काळ्या शाली घेतलेल्या बायका खडकांवर उभ्या राहून समुद्राकडे पाहत असतात. वारा शाली ओढत असतो, त्या हलत नाहीत. कलाप्रेमी मंडळी या दृश्याच्या रचनेची वाखाणणी करतात आणि ती योग्यच आहे. आमच्या समाजमंदिरात मात्र त्या वेळी बायकांच्या बाजूला एकदम शांतता झाली आणि एक वहिनी उठून बाहेर गेल्या.

वाचनवेडा (चिपळूण)

खाडीकाठ, एक शंका विचारतो. उपशीर्षके मोठ्याने सांगितल्यामुळे चित्रपटाचा भंग होत नाही का? त्यातल्या माणसांचे आवाज, त्यांच्या बोलीचा ठेका हाही चित्रपटाचाच भाग असतो. मी स्वतः मूळ आवाज झाकला जाऊ नये या मताचा आहे.

खाडीकाठ (मालवण तालुका)

शंका रास्त आहे आणि मलाही ती होती. पण या चित्रपटाची गंमत अशी की, त्यातली माणसे सिसिलीची बोली बोलतात, जी खुद्द इटलीतल्या प्रेक्षकांनाही कळत नव्हती. त्यामुळे व्हिस्कोंतींनी स्वतःच प्रमाण इटालियनमध्ये निवेदन घातले आहे. म्हणजे तिथेही कोणीतरी समजावून सांगतच आहे. मी दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बोलत होतो आणि भांडणाच्या प्रसंगांत गप्प राहत होतो; तिथे कोणालाही काही सांगावे लागले नाही.

देवळाची पायरी (वेंगुर्ले)

जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे आणि पात्रांचे संवाद बोलणारे कलावंत असत. त्यांना बेन्शी म्हणत आणि लोक त्यांच्या नावावर चित्रपट पाहायला जात. तेव्हा खाडीकाठ यांनी संकोच करण्याचे कारण नाही. आपल्याकडेही मांडावर हार्मोनियमवाला आख्यान गाऊन पुढे नेतोच.

सुरंगी (पेण)

खाडीकाठ, आपण वर लिहिले नाहीत, पण त्या चित्रपटात मासळी खारवण्याचे मोठे दृश्य आहे ना? त्या वेळी मंडळी काय म्हणाली?

खाडीकाठ (मालवण तालुका)

बरे विचारलेत. न्तोनीच्या घरच्यांना एकदा भरघोस मासळी मिळते. ती आपल्या मांदेलीच्या कुळातली आहे. अख्खे घर कामाला लागते, पिंपांत मिठाचा थर आणि मासळीचा थर रचला जातो आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हसू असते. दर पावसाळ्यापूर्वी खारे बांगडे करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकी एकाग्रतेने पाहत होत्या. पुढे वादळ होते, होडी जाते आणि व्यापारी तीच पिंपे कवडीमोलाने मागतात. तेव्हा काकी म्हणाल्या, “पिंपा आदी लपवूक होयी हुती.” आणि मग घरी जाईपर्यंत त्या याच एका गोष्टीवर बोलत राहिल्या की, खारवलेला माल घरात आहे हे व्यापाऱ्याला कळू देणे ही त्या माणसांची चूक झाली.

होकायंत्र (पणजी)

आपला सर्व धागा आज एका बैठकीत वाचला. माझा चित्रपट जी. अरविंदन यांचा १९७८ सालचा ‘थंप’ आहे. भारतपुळा नदीच्या काठी एका गावात सर्कस येते, तंबू उभा राहतो, काही दिवस खेळ होतात आणि सर्कस निघून जाते. याहून अधिक कथा नाही. अरविंदन यांनी खरी सर्कस त्या गावात नेली आणि खेळ पाहणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे टिपले. म्हातारे, पोरे, बायका वर पाहत आहेत, तोंडे उघडी आहेत, मध्येच कोणी दचकते. झुल्यावरचा कलावंत कित्येकदा दिसतही नाही, नुसते पाहणारे दिसतात. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने या चित्रपटाचे जतन करून त्याची नवी प्रत तयार केली आणि २०२२ साली ती कान येथे दाखवली गेली. तिच्यामुळेच मला तो इतका स्वच्छ पाहता आला.

खाडीकाठ यांनी तांडेलांविषयी, त्या वहिनींविषयी आणि काकींविषयी लिहिलेले वाचताना मला तेच चेहरे आठवत होते. मी ‘थंप’ एकट्याने, कानांना हेडफोन लावून पाहिला. तो तसा पाहायला नको होता, असे आज वाटते.

भाट्याची वाळू (रत्नागिरी)

माझ्या तक्रारीला इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. ‘नदी वाहते’ आणि पायल कपाडियांचा चित्रपट मी पाहिलेले नाहीत, ते पाहून पुन्हा लिहीन. धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले, ते देतो: रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या मुलाला बालपणीचा मित्र पुन्हा भेटतो आणि दोघांमधले प्रेम हळूहळू उलगडत जाते. सनडान्स महोत्सवात त्याला २०२५ साली जागतिक कथापट विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातली आई मुलाला जे समजून घेते, ते एकही मोठे वाक्य न उच्चारता. माझ्या घरात हे बोलायला मला पंधरा वर्षे लागली. चित्रपट आईबरोबर पाहिला आणि घरी येताना रिक्षात तिने विचारले, “चहा घ्यायचा का रे कुठे?” आम्ही मांडवीला धक्क्यावर बसून चहा घेतला.

पागोळी (दापोली)

भाट्याची वाळू, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मिरगाचा पाऊस (हर्णै)

खाडीकाठ, आपल्या समाजमंदिरात ‘चेम्मीन’ लावाल का? काकी आणि त्या वहिनी काय म्हणतात, ते मला ऐकायचे आहे. माझ्याकडे चांगली प्रत आणि उपशीर्षके आहेत. मुख्य प्रसंगांचे मराठी मी लिहून पाठवीन, म्हणजे आपल्याला एकट्याने सारे सांगावे लागणार नाही.

खाडीकाठ (मालवण तालुका)

अवश्य लावू. आज काकींना विचारून आलो. शनिवारी संध्याकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) आहे, ती ओढून मासळीची वाटणी व्हायला आठ वाजतील, म्हणून नऊला सुरुवात करू. चादर या वेळी दोन पदरी ताणणार आहोत, कारण मागच्या वेळी भिंतीचा ओलावा चित्रात दिसत होता. मराठी लिहून पाठवताना समुद्रमातेचे प्रसंग जरा सविस्तर लिहा. तिथे मी बोलणार नाही, वहिनींना वाचायला सांगेन.